लाकडात राखलेले घर

काष्ठमुद्राचित्रांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा पाऊल ठेवणारा प्रेक्षक बहुधा पहिल्याच चौकटीपाशी थबकतो. चित्राच्या खाली, कागदाच्या मोकळ्या पट्टीवर, पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले असते. एका बाजूला कलावंताची सही, मध्ये चित्राचे नाव आणि दुसऱ्या बाजूला एक अपूर्णांक : ७/२५. पंचवीस प्रतींपैकी ही सातवी, एवढाच त्याचा अर्थ. पण तो कळला की दुसरी शंका डोके वर काढते. एकाच चित्राच्या पंचवीस प्रती निघत असतील, तर त्यातली अस्सल कोणती? आणि चित्र छापलेलेच असेल, तर ते पाहण्यासाठी कलादालनापर्यंत जाण्याची तसदी कशाला घ्यायची? छापलेली चित्रे तर घरातल्या दिनदर्शिकेवरही असतात.

शंका स्वाभाविक आहे. मराठीत ‘छापील’ आणि ‘साचेबंद’ या दोन्ही विशेषणांना थोडा कमीपणाचा वास आहे. हाताने केले ते खरे आणि छापले ते नकली, अशी वाटणी मनात नकळत झालेली असते. त्यामुळे तैलचित्रासमोर अदबीने उभा राहणारा प्रेक्षक मुद्राचित्रांच्या भिंतीवरून मात्र नुसती नजर फिरवत पुढे सरकतो. पनवेलच्या रसिकाच्या बाबतीत हा तोटा जरा जास्तच म्हणावा लागेल. मुंबईतील मोठी प्रदर्शने पाहायची, तर हार्बर मार्गाने सव्वा तासाहून अधिक प्रवास करून त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे लागते आणि तेथून काळा घोडा परिसर. १९५२ मध्ये उघडलेले जहांगीर कलादालन आणि १९९६ पासूनचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तेथे जवळजवळ आहेत. एवढा द्राविडी प्राणायाम करून दहा मिनिटांत दालनाबाहेर पडणे म्हणजे तिकिटाचे पैसे आणि रविवार दोन्ही वाया घालवणे होय.

काष्ठमुद्राचित्र कसे घडते आणि कसे पाहावे, हे आधी थोडे समजून घेतले तर ती वेळ येणार नाही. त्यासाठी झरीना हाश्मी यांच्या कामाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. समकालीन भारतीय मुद्राचित्रणातले हे एक ठळक नाव. घर, उंबरा, सरहद्द आणि विस्थापन हे त्यांचे आयुष्यभराचे विषय. विमानतळासाठी दहा गावे जागची उठली, त्या पनवेल-उलवे परिसराला हे विषय परके वाटण्याचे काही कारण नाही.

कोरले ते कोरे, राखले ते काळे

चित्र छापण्याच्या रीती अनेक आहेत. धातूच्या पत्र्यावर रेषा खोदून त्या खाचांत शाई भरली, तर खाच छापली जाते. दगडावर स्निग्ध द्रव्याने रेखाटून छाप घेतला, तर ते शिळामुद्रण. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे घाटावर मळवलीला हललेल्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या देवदेवतांच्या तसबिरी याच जातीच्या. लाकडावरून छापण्याची रीत या दोहोंहून जुनी आणि समजायलाही सोपी आहे. रबरी शिक्का ज्या तत्त्वावर उमटतो, त्याच तत्त्वावर ती चालते.

गुळगुळीत केलेल्या फळीवर चित्र रेखाटले जाते. मग पटाशी, गोल तोंडाच्या व टोकदार कोरण्या आणि धारदार सुरी यांनी, कागदावर जो भाग कोरा राहायला हवा, तो कोरून काढला जातो. उरलेल्या उंच पृष्ठभागावर रूळ फिरवून शाईचा पातळ थर चढवतात, वर कागद ठेवतात आणि कागदाच्या पाठीवरून दाब देतात. हा दाब यंत्राचा असेल किंवा हाताचा. अनेक कलावंत आजही चमच्याची पाठ कागदावर घासून छाप घेतात. जपानी परंपरेत त्यासाठी ‘बारेन’ नावाची चपटी, गोल गादी वापरतात. कागद अलगद उचलला की चित्र दिसते, पण उलटे. फळीवर जे डावीकडे होते ते कागदावर उजवीकडे जाते. फळीवर ‘पनवेल’ ही अक्षरे सरळ कोरली, तर कागदावर ती आरशात पाहिल्यासारखी उमटतील. अक्षरे कोरणाऱ्याला म्हणूनच उलटे लिहिण्याची सवय लावून घ्यावी लागते.

या साऱ्या खटाटोपातली एक गोष्ट प्रेक्षकाने मनात पक्की धरून ठेवावी. कागदावर पेन्सिलीने रेषा ओढायला एक क्षण पुरतो. फळीवर तीच काळी रेषा हवी असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकावे लागते. येथे रेषा ओढली जात नाही, ती राखली जाते. तिच्याभोवतीचा कोरा कागद म्हणजे तेथून गेलेले लाकूड. शिवाय गेलेले लाकूड परत येत नाही. पेन्सिल खोडता येते, रंगावर रंग चढवता येतो. पटाशी घसरली तर घसरलीच.

याची उलट बाजू नंदलाल बोस यांच्या प्रसिद्ध चित्रात दिसते. दांडीयात्रेच्या वर्षी, १९३० मध्ये, त्यांनी काठी टेकत निघालेल्या गांधीजींचे चित्र केले. ते लाकडाऐवजी लिनोलियमच्या मऊ पृष्ठभागावर कोरलेले आहे. तत्त्व मात्र तेच. सगळीकडे काळोख आणि त्यात मोजक्या पांढऱ्या रेषांनी उभी राहिलेली आकृती. तेथे काळे आहे ते न कोरलेले आणि गांधीजी दिसतात ते कोरून काढलेल्या जागेत. शाळेच्या पुस्तकांपासून भित्तिपत्रकांपर्यंत हे चित्र असंख्य वेळा डोळ्यांखालून गेलेले असते. ते कसे घडले हे कळल्यावर पुन्हा पाहिले, तर वेगळेच दिसते.

लाकडाची जात

लाकूड ओळखून त्याला आकार देण्याची विद्या पनवेलला नवी नाही. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या गावाचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीच्या चाकांचा उल्लेख आहे. घाटावरून माल घेऊन उतरलेले गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जात. चाक घडवणाऱ्या सुताराला लाकडाचा चिवटपणा, त्याचा ओलसरपणा, त्याच्या शिरांची दिशा हे सारे हाताला कळावे लागे. काष्ठमुद्राकाराला लागते ते ज्ञान याच जातीचे.

फळी खोडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली असते. तिच्या शिरांच्या दिशेने हत्यार सहज धावते. आडवे चालवले की लाकूड हट्ट धरते, ढलपे सोडते. बारीक, मऊसर रेषा तेथे मुश्किलीने निघतात. त्यामुळे काष्ठमुद्राचित्रात ठसठशीत, काहीशी राकट रेषा जास्त आढळते. खोडाच्या आडव्या छेदावर कोरण्याची वेगळी शाखा अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक यांच्या हातून बहरली. तिच्यातून केसासारख्या रेषा काढता येतात आणि एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ व नियतकालिके यांतली कितीतरी चित्रे त्या पद्धतीची आहेत. आजचे कलावंत बाजारातले प्लायवूडही सर्रास वापरतात. प्लायवूडच्या वरच्या थरातल्या शिरा शाईत उतरतात आणि कोणी न काढलेली एक नक्षी चित्रात आपोआप येते.

रंगीत चित्रासाठी साधारणपणे प्रत्येक रंगाची वेगळी फळी करतात आणि एकाच कागदावर ती एकापाठोपाठ एक छापतात. कागद केसभर सरकला तरी रंग रेषेबाहेर जातो. जपानमध्ये हे काम वाटून घेतले जाई : चित्र काढणारा एक, फळी कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि सगळ्यांना कामाला लावणारा प्रकाशक चौथा. होकुसाईची १८३१ च्या सुमाराची जगप्रसिद्ध लाट अशा अनेक हातांतून कागदावर आली. आजचा कलावंत बहुतेक वेळा ही सारी कामे एकटाच करतो.

मराठी मुलखाकडे पाहिले, तर छपाईची सुरुवात अक्षरांसाठी झालेली दिसते. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. होकुसाईची लाट उसळत होती त्याच सुमारास, १८३१ मध्ये, गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापाचे काम सुरू केले आणि मराठी पंचांग छापील रूपात घरात आले. छापा म्हणजे ज्ञान स्वस्त करण्याचे साधन, ही समजूत येथे अशी लवकर रुजली. तीच समजूत चित्राला लावणारे कलावंतही पुढे मुंबईत आले. बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद १९४६ मध्ये मुंबईत स्थायिक झाले आणि अंधेरीच्या आपल्या छोट्या घरात त्यांनी शेतकरी, कामगार आणि राबणारी मुले यांची लिनोछापे कोरली. एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडणार नाही, असे चित्र त्यांना हवे होते.

अलिगडचे घर, न्यूयॉर्कचा कागद

झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ मध्ये अलिगडला झाला. वडील अलिगड मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीना यांनी तेथेच १९५८ मध्ये गणिताची पदवी घेतली. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याशी विवाह झाल्यावर बँकॉक, पॅरिस, दिल्ली, बॉन, टोकियो असा प्रवास सुरू झाला. पॅरिसमध्ये त्या स्टॅन्ले विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या नामांकित मुद्रणशाळेत शिकल्या. १९७४ मध्ये टोकियोत तोशी योशिदा यांच्या कार्यशाळेत त्यांनी जपानी काष्ठमुद्रणाचा अभ्यास केला. पुढे न्यूयॉर्क हे त्यांचे दीर्घकाळचे मुक्कामाचे शहर ठरले. मधल्या काळात, १९५९ मध्ये, आईवडील कराचीला स्थलांतरित झाले होते. अलिगडचे घर मागे राहिले. फाळणीच्या वेळी दहा वर्षांची असलेली ही मुलगी पुढची साठ वर्षे त्या घराचा आराखडा कागदावर मांडत राहिली.

त्यांच्या शिक्षणातल्या दोन गोष्टी चित्रांत सतत डोकावतात. एक गणित : अनावश्यक ते सारे वगळून मोजक्या रेषांत मांडणी करण्याची शिस्त. दुसरी ग्लायडिंग. दिल्लीत असताना त्या ग्लायडर चालवायला शिकल्या. जमिनीकडे वरून पाहण्याची नजर त्यांना तेथे मिळाली. त्यांच्या चित्रातले घर समोरून दिसत नाही. छप्पर काढून टाकावे आणि वरून डोकावावे तसे ते दिसते : भिंतींच्या रेघा, दारांच्या फटी, मध्ये अंगणाचा मोकळा चौकोन.

किरण नाडर कला संग्रहालयाच्या दिल्लीतील साकेत येथील दालनांत जानेवारी २०२० च्या अखेरीस त्यांच्या अनेक दशकांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दालने बंद झाली. २५ एप्रिल २०२० रोजी झरीना यांचे लंडनमध्ये निधन झाले. ज्या देशातून त्या दूर गेल्या होत्या, त्या देशात त्यांची चित्रे भिंतीवर होती आणि पाहायला कोणी नव्हते.

चार चित्रांपाशी थांबून

त्यांच्या प्रदर्शनात घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चित्रे आकाराने लहान, रंग बहुधा काळा, आकृत्या जवळजवळ भूमितीच्या वहीतल्या. म्हणून काही चित्रांपाशी मुद्दाम थांबावे.

पहिला थांबा १९६० च्या दशकातील छापांपाशी घ्यावा. टाकून दिलेल्या लाकडाचे तुकडे जुळवून, त्यांवर शाई लावून त्यांनी हे छाप घेतले. येथे कोरणे जवळजवळ नाहीच. लाकडाच्या शिरा, गाठी, तडे हेच चित्र. १९६८ च्या अशा एका चित्राचे नाव ‘चुंबन’ आहे. मानवी आकृती कोठेच नाही. लाकडाचे तुकडे एकमेकांना भिडलेले आहेत, एवढेच. प्रेक्षकाने येथे नाक कागदाला लागेल इतके जवळ जावे आणि झाडाचे वय कागदावर कसे उतरले आहे ते पाहावे.

दुसरा थांबा ‘घर हा एक परका देश’ अशा अर्थाचे नाव असलेल्या १९९९ च्या संचापाशी. एकूण छत्तीस काष्ठमुद्राचित्रे. न्यूयॉर्कमधले राहते भाड्याचे घर सोडावे लागण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना हा संच झाला. प्रत्येक चित्रात एक उर्दू शब्द आणि त्या शब्दाची आकृती. घर, उंबरा, दार, अंगण, भिंत, वेळ, दुपार, अंतर, प्रवास, सरहद्द, भाषा असे ते शब्द आहेत. ते सुलेखनकाराकडून पाकिस्तानात लिहून घेतलेले आहेत. तलम जपानी कोझो कागदावर ती छापून मग जाड कागदावर डकवली आहेत. ‘घर’ या शब्दाला मिळालेले रूप म्हणजे घराचा जमिनीवरचा आराखडा. उर्दू वाचता न येणाऱ्या मराठी प्रेक्षकाचे येथे फारसे अडत नाही. दरवाजा, जमीन, सरहद्द हे शब्द दोन्ही भाषांत नांदतात आणि ‘घर’ तर जसेच्या तसे.

या संचाची आवृत्ती पंचवीसांची आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे तो आहे आणि २०१९-२० मध्ये तेथील एका प्रदर्शनाला त्याचेच नाव दिले गेले होते. सुरुवातीच्या शंकेचे उत्तर येथे मिळते. पंचवीसही संच अस्सल आहेत, कारण फळी हे चित्र नव्हे. चित्र पहिल्यांदा अस्तित्वात येते ते कागदावर, आणि प्रत्येक कागदावर ते नव्याने छापले जाते. प्रत्येक वेळी शाई नव्याने लावलेली, दाब नव्याने दिलेला. देशोदेशी विखुरलेल्या माणसाच्या चित्राने अनेक गावी एकाच वेळी अस्सल असावे, हे त्या विषयाला साजेसेच झाले.

तिसरा थांबा २००१ च्या ‘विभाजक रेषा’ या चित्रापाशी, आणि तो सर्वांत दीर्घ असावा. कागदावर एकच काळी, वेडीवाकडी रेषा आहे. ती भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली सीमा. रॅडक्लिफ यांनी आखलेली ही रेषा १७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या दोन दिवसांनंतर, जाहीर झाली. नकाशावर अशी रेषा ओढायला टाक पुरतो. झरीना यांनी ती लाकडात राखली, म्हणजे तिच्या दोन्ही अंगांची जमीन त्यांना कणाकणाने कोरून काढावी लागली. रेषेभोवतीच्या कोऱ्या भागात पटाशीच्या फटकाऱ्यांचे बारीक काळे अवशेष सुटलेले दिसतात. ते साफ करता आले असते. पण ते राहू दिले आहेत. सीमा आखताना दोन्हीकडून काय काय उपटले गेले, हे सांगायला या अवशेषांखेरीज चित्रात दुसरे काही नाही. हेच चित्र शाईने आणि कुंचल्याने काढले असते, तर तो केवळ नकाशा झाला असता.

चौथा थांबा २००४ च्या ‘घरून आलेली पत्रे’ या आठ चित्रांच्या संचापाशी. कराचीतील बहीण रानी हिने वेळोवेळी पत्रे लिहिली, पण ती टपालात टाकली नाहीत. आईवडिलांच्या मृत्यूची, घर विकल्याची पत्रे होती ती. पुष्कळ वर्षांनी ती झरीना यांच्या हाती आली. त्या हस्ताक्षरावर घरांचे आराखडे आणि शहरांचे नकाशे छापून हा संच झाला. येथे धातूच्या ठशांचाही वापर आहे. पत्रातल्या ओळी काही ठिकाणी आकृतीखाली झाकल्या जातात, आणि वाचता न येणे हाही अनुभवाचा भाग होतो.

अस्सल कसे ओळखावे

प्रदर्शन कोणाचेही असो, काही साध्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर पाहणे सोपे होते. कागद उजेडाने पिवळा पडतो, म्हणून अशा दालनांत प्रकाश मंद ठेवतात. संग्रहालयांत तो साधारण ५० लक्स इतकाच असतो. आत शिरल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटे द्यावीत. चित्र आधी लांबून, मग हातभर अंतरावरून आणि शेवटी बाजूने तिरपे पाहावे. तिरपे पाहिल्यावर शाईची चकाकी आणि दाबाने कागदाला आलेला खोलगटपणा दिसतो. काळ्या भागात सारखेपणा नसेल, तर तो बहुधा लाकडाचा स्वभाव असतो. त्याला दोष समजू नये.

सहीजवळचा अपूर्णांक वाचावा. खालचा आकडा आवृत्तीतील एकूण प्रतींचा, वरचा त्या प्रतीचा क्रमांक. पहिली प्रत पंचविसाव्या प्रतीहून श्रेष्ठ असते, ही समजूत बहुतेक वेळा निराधार असते. ‘ए. पी.’ अशी अक्षरे असतील, तर ती कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत. आवृत्ती पूर्ण झाली की पुष्कळ कलावंत फळीवर आडवी खाच मारून ती रद्द करतात, म्हणजे पुढे कोणालाही जादा प्रती काढता येत नाहीत.

विकत घेण्याचा विचार असेल, तर बारीक भिंग सोबत न्यावे. तैलचित्राचे छायाचित्र काढून यंत्रावर छापलेली प्रत भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची दिसते. तिच्यावर कलावंताची सही असली आणि आकडा घातलेला असला तरी ती प्रतिकृतीच होय. काष्ठमुद्राचित्रात ठिपके नसतात; शाईचा सलग थर असतो आणि हाताने घासून छापले असेल, तर कागदाच्या पाठीवर घासल्याच्या खुणा सापडतात. हा फरक माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. ग्राहक प्रतिकृतीला मूळ कृतीची किंमत मोजतो, आणि महिनोन्‌महिने फळीवर राबणाऱ्या मुद्राचित्रकाराला मात्र ‘छापलेलेच तर आहे’ हे वाक्य ऐकावे लागते. ललित कला अकादमीने २०१८ मध्ये दिल्लीत केवळ मुद्राचित्रांसाठी आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू केले. एरवी मध्यमवर्गीय घराला अस्सल चित्र परवडण्याची शक्यता ज्या थोड्या कलाप्रकारांत आहे, त्यांत मुद्राचित्राची गणना होते.

पनवेलचे छत्तीस शब्द

झरीना यांनी पनवेलचे चित्र केले नाही. तरीही त्यांच्या कामापुढे उभे राहिलेल्या पनवेलकराला स्वतःचा परिसर आठवावा, अशी परिस्थिती आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांतली घरे रिकामी झाली. अनेक कुटुंबे पुष्पकनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली. विमानतळ व्हावा की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. भरपाई, भूखंड, साडेबारा टक्के यांचे हिशेब सरकारी दफ्तरांत आहेत आणि त्यांवरचे वादही तेथेच चालतील.

दफ्तरात ज्याची नोंद होत नाही, ते मात्र वेगळे आहे. ओटीवरून माजघरात जाताना किती पायऱ्या होत्या, परसातली विहीर दारापासून किती पावलांवर होती, भरतीच्या वेळी खाजणातले पाणी कोणत्या बांधापर्यंत येई, होळी कोठे पेटत असे : या गोष्टी सात-बाराच्या उताऱ्यावर नसतात. त्या माहीत असलेली माणसे आज हयात आहेत. त्यांना चित्रकला यायला हवी असे नाही. झरीना यांनी अलिगडचे घर मांडले ते आठवणीतून आणि मोजक्या सरळ रेषांत. तसा आराखडा पट्टी-पेन्सिल घेऊन कोणत्याही आजोबांना नातवाच्या वहीत काढता येईल. पनवेल-उरणच्या शाळांतल्या कलाशिक्षकांनी मनावर घेतले, तर हेच आराखडे मुले लिनोलियमच्या तुकड्यांवर कोरू शकतील आणि चमच्याच्या पाठीने छापू शकतील. त्याला यंत्र लागत नाही, मोठा खर्चही नाही.

शब्दांची यादीही करता येईल. ओटी, पडवी, माजघर, परसू, खळे, बांध, खाजण, मिठागर, उघाडी, होडी, भरती, वेस. अलिगडच्या घराला छत्तीस शब्द लागले. येथे किती लागतील, हे काळा घोड्याहून परतीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला मोजून पाहता येईल. सव्वा तास हाताशी असतोच, आणि वाशीच्या पुलावरून खाडी दिसू लागली की पुढचे शब्द आपोआप आठवतात.